वाचकांचे प्रश्न : 'डेड मॅन' पाहताना

गेल्या अंकात अमेरिकन दिग्दर्शक जिम जार्मुश यांच्या 'डेड मॅन' (१९९५) या चित्रपटाचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर बडोद्यातील वाचकांची इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्या एकाच चित्रपटाला द्यावे असे ठरवले. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लीव्हलँडचा विल्यम ब्लेक नावाचा एक तरुण हिशेबनीस (जॉनी डेप) नोकरीचे पत्र खिशात घेऊन आगगाडीने पश्चिमेकडच्या 'मशीन' नावाच्या गावी येतो. ती नोकरी आधीच दुसऱ्याला दिलेली असते. त्याच रात्री एका खोलीत गोळीबार होतो, ब्लेकच्या छातीत गोळी रुतून बसते आणि त्याच्या हातून कारखानदाराचा मुलगा मारला जातो. मग मागे भाडोत्री मारेकरी आणि सोबतीला नोबडी नावाचा एक मूलनिवासी अमेरिकन (गॅरी फार्मर), अशी त्याची समुद्राच्या दिशेने वाटचाल सुरू होते. पुढे शेवटाचीही चर्चा आहे. तो आधी कळू नये असे ज्यांना वाटते त्यांनी तंबाखूविषयीचा प्रश्न तूर्त सोडून द्यावा.

प्रश्न : १९९५ साली, रंगीत चित्रपट सर्वत्र रुळल्यानंतर, कुणी वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मुलखातल्या जुन्या काळाचा चित्रपट) कृष्णधवल का काढावा? माझा मुलगा म्हणतो की स्वतंत्र निर्मिती असल्यामुळे रंग परवडला नसेल. शिवाय चित्रपट इतका संथ आहे की मध्येच उठावेसे वाटले. आमचेच काही चुकते आहे का? (एक वाचक, दांडिया बाजार)

आपल्या चिरंजीवांचा तर्क जार्मुश यांच्या आधीच्या एका चित्रपटाच्या बाबतीत थोडाफार लागू पडला असता. १९८४ साली कान महोत्सवात पदार्पणाचे पारितोषिक मिळवणाऱ्या 'स्ट्रेंजर दॅन पॅराडाइज'ची सुरुवात खरोखरच जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्याकडे उरलेल्या कच्च्या फिल्मवर झाली होती. 'डेड मॅन'चे तसे नाही. त्याचा खर्च सुमारे नव्वद लाख डॉलर होता, म्हणजे जार्मुश यांच्या तोवरच्या कामाच्या मानाने रक्कम मोठी होती. त्या काळात कृष्णधवल चित्रीकरणामुळे बचत तर होत नव्हतीच, उलट अडचणीच जास्त होत्या, कारण कृष्णधवल म्हटले की वितरक आणि दूरचित्रवाणी वाहिन्या हात आखडता घेत. तरीही तो मार्ग त्यांनी जाणूनबुजून पत्करला.

कारण त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे आणि मला ते पूर्णपणे पटते. ब्लेक हा माणूस प्रत्येक प्रसंगागणिक ओळखीच्या जगापासून दूर दूर जातो, आणि रंग मात्र आपल्याला ओळखीशी बांधून ठेवतो. निळे आकाश, तांबडे डोंगर, हिरवी झाडी दिसली की आपण त्या मुलखात कधी पाऊल ठेवलेले नसले तरी 'हे माहीत आहे' असे मनात म्हणतो. पन्नाशीच्या दशकानंतरच्या वेस्टर्न चित्रपटांनी तर धुळकट तपकिरी आणि तांबूस रंगांची एक ठरीव पेटीच करून ठेवली होती. ती पेटी बाजूला ठेवल्याबरोबर जंगल, नदी, बर्चच्या झाडांच्या पांढऱ्या खोडांची रांग, सगळे परके होते. ब्लेकला ते जसे दिसत असेल तसेच ते आपल्यालाही दिसू लागते.

संथपणाबद्दल म्हणाल, तर पुन्हा पाहताना आगगाडीचा सुरुवातीचा भाग तेवढा लक्ष देऊन पाहा. श्रेयनामावली येण्याआधीचा हा तुकडा आहे. चौकड्याचा कोट घातलेला ब्लेक डब्यात बसलेला आहे. समोर टापटीप कपड्यातले शहरी प्रवासी आहेत. पडदा काळा होतो. पुन्हा उजळतो तेव्हा चाके, खिडकीबाहेरचा बदललेला प्रदेश आणि डब्यात साध्या कपड्यातली शेतकरी कुटुंबे दिसतात. पुन्हा काळोख. मग केसाळ कातडी पांघरलेले, मांडीवर बंदुका घेतलेले शिकारी. ब्लेक कधी मासिक चाळतो, कधी डुलकी घेतो, आणि दर वेळी जागा होतो तेव्हा आपल्यासारखे त्या डब्यात कुणी उरलेले नाही हे त्याच्या नजरेत थोडे अधिक उमटलेले असते. तेवढ्यात काजळीने माखलेला इंजिनातला कोळसेवाला समोर येऊन बसतो आणि नावेत उताणे पडून वर पाहिल्याविषयी काहीतरी असंबद्ध वाटणारे बोलतो. ब्लेकच्या पत्रावर तो मुळीच विश्वास ठेवत नाही आणि तिथे तुला तुझी कबरही मिळू शकेल असे सुचवतो. लगेच सगळे प्रवासी उठून खिडक्यांतून रानगव्यांवर गोळ्या झाडू लागतात.

एवढ्यात कथा म्हणावी असे काहीही घडलेले नाही, पण पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी गाडी म्हणजे प्रगती, हा वेस्टर्न चित्रपटांचा जुना समज इथे पुरता उलटा झालेला असतो. गाडी जसजशी पुढे जाते तसतशी सभ्यता मागे पडते आणि मरण जवळ येते. चालत्या गाडीतून रानगव्यांची शिकार ही कल्पनाही नाही. १८६० आणि १८७० च्या दशकांत ती खरोखरच होत असे. काही कोटींच्या घरात असलेली ही जनावरे १८८० चे दशक सरता सरता अवघी हजारभर उरली, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मूलनिवासी जमातींचा आधारच तुटला. जार्मुश हे इतिहासाच्या धड्यासारखे सांगत नाहीत. ते फक्त त्या शिकाऱ्यांचा उत्साह आणि दचकलेल्या ब्लेकचा चेहरा दाखवतात.

प्रसंग संपताना पडदा काळा होण्याची ही रीत शेवटपर्यंत चालू राहते. छातीत गोळी घेऊन फिरणाऱ्या माणसाची शुद्ध जशी हरपते आणि परत येते, तशी चित्रपटाचीही शुद्ध जाते आणि येते. म्हणून तो संथ आहे. नायक पहिल्या अर्ध्या तासात जखमी होतो आणि उरलेला सगळा वेळ मरत असतो. त्याला घाईने हाकले असते तर नुसती पाठलागाची कथा उरली असती. तरीही आपल्याला कंटाळा आला असेल तर त्यात आपले काही चुकले असे मी म्हणणार नाही. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या जाणत्या समीक्षकाने याला चारपैकी दीड तारा दिला होता, तर जोनाथन रोझेनबाम यांना तो इतका मोलाचा वाटला की त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. अमेरिकेत तिकीटविक्री दहा लाख डॉलरच्या थोडीशीच वर गेली. मी रोझेनबाम यांच्या बाजूचा आहे, पण मलाही तिघा मारेकऱ्यांची आपसातली बोलाचाली लांबलेली वाटते.

'स्वतंत्र' या शब्दाविषयी एवढेच, की जार्मुश आपल्या चित्रपटांच्या निगेटिव्हची मालकी आणि अंतिम संकलनाचा अधिकार स्वतःकडे ठेवतात. दोन तासांचा असा चित्रपट कापून नव्वद मिनिटांचा करा असा आग्रह एरवी सहज झाला असता आणि तो मानावाही लागला असता.

प्रश्न : मी फाइन आर्ट्समध्ये छापचित्रण शिकते. या चित्रपटातले करडे रंग मला एखाद्या एचिंगसारखे वाटले. हा माझ्या शिक्षणाचा परिणाम आहे, की छायाचित्रकाराने मुद्दाम तसे केले आहे? (एक विद्यार्थिनी, फतेहगंज)

आपला डोळा अगदी योग्य जागी गेला आहे. छायाचित्रणकार रॉबी म्युलर हे डच. वेंडर्स यांचे सुरुवातीचे कृष्णधवल चित्रपट त्यांनीच टिपले आणि पुढे जार्मुश यांच्याबरोबरही त्यांनी अनेकदा काम केले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. 'डेड मॅन'मध्ये त्यांनी काळ्याला पांढऱ्याशी भिडवण्याचा सोपा मार्ग घेतलेला नाही. अगदी गडद काळ्यापासून दुधी पांढऱ्यापर्यंत मधल्या सगळ्या पायऱ्या त्यांनी वापरल्या आहेत, आणि चित्रपटाचा जीव त्या मधल्या पायऱ्यांत आहे.

यात कष्ट किती आहेत हे आपल्याला सांगायला नकोच, पण इतर वाचकांसाठी सांगतो. रंगीत चित्रात तांबडे फूल हिरव्या पानांतून आपोआप उठून दिसते. कृष्णधवलमध्ये त्या दोघांचा उजळपणा सारखा असेल तर दोन्ही एकाच करड्या छटेत विरघळून जातात. त्यामुळे माणसाला पार्श्वभूमीपासून वेगळे काढायचे ते फक्त प्रकाशाने आणि पोताने. कपडे, लाकूड, कातडे, भिंत यांची निवड रंगावरून करता येत नाही. ती पडद्यावर किती उजळ किंवा किती खरखरीत दिसेल यावरून करावी लागते. ब्लेकच्या कोटाच्या चौकड्या याच हिशेबाने पाहाव्यात. डब्यातल्या मळकट लोकांत तो कोट त्याला एकटा पाडतो, आणि पुढे रक्त, चिखल आणि केसाळ कातड्याच्या थरांखाली त्या चौकड्या दिसेनाशा होत जातात, तसतसा तो रानाचा भाग होत जातो. एके ठिकाणी तो मेलेल्या हरणाच्या पाडसाचे रक्त बोटाने स्वतःच्या चेहऱ्याला लावतो आणि त्याच्या शेजारी आडवा होतो. रंगीत चित्रपटात तिथे लाल रंगाने आपले लक्ष वेधून घेतले असते. इथे ते रक्त काळपट रेघ होऊन येते, आणि आपण रक्ताकडे पाहण्याऐवजी त्या दोन देहांच्या सारख्याच पडून राहण्याकडे पाहतो.

आता आपल्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट. नोबडी या हिशेबनिसाला ज्या कवीचा अवतार समजतो तो विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) व्यवसायाने छापचित्रकारच होता. वयाच्या चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये जेम्स बझायर या कोरीवकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. पुढे त्याने स्वतःची एक पद्धत काढली. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने कविता आणि चित्र दोन्ही उलटे काढायचे, मग आम्लाने उरलेला भाग खाऊन टाकायचा आणि उंच राहिलेल्या रेषांवरून छाप घ्यायची. नेहमीच्या एचिंगमध्ये आम्लाने खोल गेलेल्या रेषेत शाई भरतात. ब्लेकने ते उलटे केले. त्याच्या कवितेत आम्लाने वरवरचे जाळून आतले उघड करण्याची कल्पना येते ती या पत्र्यावरून आलेली आहे. चित्रपटभर काळोखातून प्रसंग उमटतात आणि पुन्हा काळोखात जातात, ते पाहताना मला तरी त्या पत्र्याची आठवण येते. हे साम्य जार्मुश आणि म्युलर यांच्या मनात होते असा माझा दावा नाही.

आपल्या गावाला हा विषय तसा परका नाही. १८९० साली सुरू झालेल्या इथल्या कलाभवनात दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे घेतले आणि छपाईच्या तंत्रात उमेदवारी करून मगच ते चित्रपटाकडे वळले. ठसा, छाप आणि चित्रफीत यांचे नाते जोडणारा माणूस बडोद्यातून गेला आहे, हे आपल्या वर्गात कधीतरी अवश्य बोला.

प्रश्न : ब्लेकच्या कविता वाचलेल्या नसतील तर चित्रपट कळेल का? (एक वाचक, कारेलीबाग)

कळेल. चित्रपटातला ब्लेक स्वतःच त्या कवीला ओळखत नाही, आणि त्याच्या अज्ञानात आपण सामील असणे हे दिग्दर्शकाला सोयीचेच आहे. नोबडी लहानपणी पकडला गेला, पिंजऱ्यातून मिरवला गेला, इंग्लंडला नेला गेला आणि तिथे त्याला या कविता भेटल्या, एवढे ध्यानात असले की पुरे. काहींचा जन्म सुखासाठी तर काहींचा न संपणाऱ्या रात्रीसाठी, या आशयाच्या ओळी तो मधूनमधून म्हणतो. गोऱ्यांनी ज्याचे सर्वस्व हिरावले त्याच्या तोंडी गोऱ्यांचा सर्वात बंडखोर कवी जिवंत राहावा आणि त्याच नावाच्या गोऱ्या माणसाला तो ठाऊकही नसावा, ही या चित्रपटाची सर्वात खोल गोष्ट आहे असे मी मानतो. चित्रपटानंतर कुतूहल वाटले तर 'साँग्स ऑफ इनोसन्स' आणि 'साँग्स ऑफ एक्स्पीरियन्स' येथून सुरुवात करावी.

प्रश्न : मी संगीत शिकवतो. चित्रपटभर एकच गिटार वाजते आणि ती वाजवणारा सूर लावून पाहतो आहे असेच वाटत राहते. याला पार्श्वसंगीत कसे म्हणायचे? (एक शिक्षक, रावपुरा)

ते संगीत रॉक गायक आणि गिटारवादक नील यंग यांचे आहे. बहुतेक भाग विजेच्या गिटारवर आहे आणि थोडा पियानो व ऑर्गनवर. जुळवलेला चित्रपट समोर पडद्यावर चालू ठेवून, तो पाहता पाहता त्यांनी ते वाजवले. आधी लिहिलेली सुरावट जवळजवळ नाहीच. आपल्यासारख्या संगीतशिक्षकाला यात परके वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण गवयाने समोरच्या क्षणाकडे पाहून पुढची जागा घ्यावी हे आपल्याकडे गृहीतच धरलेले असते. चित्रपटसंगीतात मात्र ते फार क्वचित घडते.

आपल्याला खटकले ते वेगळे असावे. इथे एक छोटा, जड, थरथरणारा स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो आणि त्याचा विस्तार होत नाही. आवर्तन पूर्ण होईल, समेवर येईल अशी वाट पाहावी तर तो मध्येच तुटतो आणि खरखर तेवढी उरते. माझ्या मते ते तुटणे मुद्दाम आहे. पारंपरिक वेस्टर्नमधले वाद्यवृंदाचे संगीत माणसाला त्या विशाल भूमीचा मालक करून टाकते. ही गिटार त्याला एकटा, जखमी आणि लहान ठेवते. पुढच्या वेळी संगीत कुठे थांबते तेवढेच ऐकावे. मशीन गावात शिरताना ब्लेक रस्त्यावरच्या शवपेट्या आणि कवट्या पाहत चालतो, तेव्हा गिटार थांबल्यावर कारखान्याची धडधड जशी वर येते, तिथे त्या शांततेचाही संगीतात हिशेब धरलेला आहे हे कळते.

प्रश्न : सुटीत नातवंडांबरोबर पाहावा का? (एक आजी, मांडवी)

आजी, नको. हिंसा अचानक येते आणि काही ठिकाणी फार थंडपणे येते. मशीन गावाच्या रस्त्यावरचे एक दृश्यही मुलांसमोर अवघड होईल. तुम्ही स्वतः जरूर पाहा.

प्रश्न : नोबडी सारखा तंबाखू का मागतो? आणि शेवटची नाव ही आपल्या वैतरणीसारखी समजावी का? (एक वाचक, निझामपुरा)

तंबाखूचा धागा वरवर विनोदी आहे. नोबडी मागतो, ब्लेक दर वेळी 'मी ओढत नाही' असे सांगतो. गोऱ्या प्रेक्षकाला तो एक पुन्हा पुन्हा येणारा विनोद वाटतो. पण उत्तर अमेरिकेतील अनेक मूलनिवासी समाजांत तंबाखू ही आधी अर्पण करण्याची आणि आदराने देण्याची वस्तू आहे, ओढण्याची नंतर. भेटीला आलेल्याने ती पुढे करायची असते. म्हणजे नोबडी व्यसनासाठी काही मागत नाही, तो ब्लेककडून नात्याची साधी रीत अपेक्षितो, आणि ब्लेकला ती रीतच ठाऊक नसल्यामुळे तो दर वेळी भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतो. शेवटी समुद्रकिनाऱ्यावरच्या मकाह या मूलनिवासी समाजाच्या वस्तीत नोबडी स्वतःच तंबाखू मिळवून ब्लेकच्या नावेत ठेवतो, आणि मरणाच्या दारातला ब्लेक पुन्हा तेच म्हणतो. या वेळी मात्र ते ऐकून हसू येत नाही.

जार्मुश यांनी मूलनिवासी प्रेक्षकांचा असा विचार सर्वत्र केला आहे. त्यांच्या भाषांतले संवाद मूळ चित्रपटात भाषांतराशिवाय ठेवले आहेत, काही विनोद फक्त त्यांनाच कळावेत असे आहेत, आणि नोबडी हा कुणाचा नोकर किंवा ज्ञानी म्हातारा नसून गमत्या, चिडका, पुस्तके वाचलेला आणि आपल्याच माणसांपासूनही तुटलेला एक पूर्ण माणूस आहे. त्याचे आईवडील दोन वैरी जमातींचे, म्हणून त्याला घर असे नाही. गॅरी फार्मर स्वतः कयुगा समाजाचे आहेत. त्याआधीच्या कित्येक वेस्टर्नमध्ये मूलनिवासी माणूस क्षितिजावर दिसायचा तो गोळी खाण्यासाठीच. त्या पार्श्वभूमीवर नोबडी हा वेस्टर्न चित्रपटांतला एक मोठा बदल आहे.

वैतरणीबद्दल आपण म्हणता ते सहज सुचण्यासारखे आहे. ज्याने चांदोदला नर्मदेकाठी कुणाचे क्रियाकर्म केले असेल त्याच्या मनात नाव, पाणी आणि पलीकडचा तीर हे एकत्र येणारच. तरी मी तेथे थोडा थांबेन. वैतरणीला पापपुण्याचा झाडा असतो, गोदान असते, पार होण्यातली धास्ती असते. नोबडीच्या दृष्टीने ब्लेक कुठे नव्याने जात नाही. जिथून सगळे आत्मे आले आणि जिथे सगळे परततात तिथेच त्याला तो पोचवतो. ब्लेकने वाटेत इतकी माणसे मारली, पण कुणी त्याचा जाब विचारत नाही. नाव किनाऱ्यापासून दूर जात असताना मागे राहिलेला शेवटचा मारेकरी आणि नोबडी एकमेकांना गोळ्या घालतात, आणि ब्लेकला ते पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. सुरुवातीच्या कोळसेवाल्याचे बोलणे इथे खरे होते. ज्याने आपल्याला पलीकडे पोचवले तो अलीकडेच पडला, याचे दुःख मला नायकाच्या मृत्यूपेक्षा अधिक जाणवते.

प्रश्न : घरच्या टीव्हीवर हा चित्रपट कसा पाहावा? आमच्याकडे सगळे फार भडक दिसते. (एक वाचक, मकरपुरा)

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' असेल तर ते बदलून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडा, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती या चित्रपटाचे वाटोळे करते. चमक थोडी कमी ठेवा, पण ब्लेकच्या काळ्या टोपीचा काठ आणि मागचा काळोख वेगळे दिसतील इतकी असू द्या. खोलीतले दिवे मालवा. २०१८ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने काढलेली नव्याने सुधारलेली प्रत मिळाली तर तीच घ्या, कारण जुन्या डीव्हीडींमध्ये मधल्या करड्या पायऱ्या बऱ्याचशा बुजलेल्या असतात. मूलनिवासी भाषांतल्या संवादांच्या वेळी खाली अक्षरे आली नाहीत तर उपशीर्षके बिघडली असे समजून रिमोट हाती घेऊ नका. ती तिथे नाहीतच.